डायनासोरच्या हाडात मऊ ऊती सापडली म्हणतात, ती नेमकी काय होती?

शाळामास्तर:

नमस्कार मंडळी. मी कराडजवळच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. नववीतल्या एका मुलीने मला एक व्हिडिओ दाखवला. त्यात सांगितलं होतं की अमेरिकेत टी. रेक्स या मांसाहारी डायनासोरच्या मांडीच्या हाडात रक्तवाहिन्या आणि 'मांस' सापडलं. मांस कोट्यवधी वर्षं टिकत नाही, म्हणजे डायनासोर काही हजार वर्षांपूर्वीपर्यंत जिवंत होते आणि शास्त्रज्ञ ते दडवतात, असा त्यातला निष्कर्ष. मुलगी हुशार आहे. तिने एवढंच विचारलं, "सर, मांस मिळालं असेल तर त्याचंच कार्बन डेटिंग का करत नाहीत?"

मी तिला नीट माहिती काढून सांगतो म्हणालो. मग इंग्रजी शोधनिबंध उघडले, तर एकात 'प्रथिन सापडलं' आणि पुढच्यात 'सापडलं नाही'. मुळात दगड झालेल्या हाडात सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं काय, तो पदार्थ त्या प्राण्याचाच आहे हे तपासतात कसं, आणि आज खात्रीने काय सांगता येतं, हे मला समजून घ्यायचं आहे. ज्यांनी स्वतःच्या हाताने हाडं कापली आहेत, असली रसायनं वापरली आहेत, त्यांनी लिहिलं तर फार बरं होईल. उत्तर मोठं झालं तरी चालेल.

अस्थिरेखा:

मास्तर, मी जीवाश्म कधी कापलेले नाहीत, पण माणसाची हाडं कापणं हे माझं रोजचं काम आहे. नागपुरात एका रुग्णालयाच्या हिस्टोपॅथॉलॉजी, म्हणजे ऊती तपासणाऱ्या लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. तुम्ही म्हणता त्या शोधात ईडीटीए हे रसायन वापरलं, त्याची बाटली आमच्या लॅबमध्येही आहे. त्यामुळे हा विषय गेली कित्येक वर्षं मी मिळेल तिथून वाचत आले आहे.

आधी साध्या हाडाचं सांगते. हाडात दोन गोष्टी एकमेकींत विणलेल्या असतात. एक कॅल्शियम-फॉस्फेटचं खनिज, दुसरं कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन. स्लॅबमध्ये जसं सिमेंट आणि सळई, तसं. आमच्याकडे बोनमॅरोची बायोप्सी येते, तेव्हा हाडाचा तो बारीक दंडगोल तसाच मायक्रोटोमवर (पातळ काप काढायच्या यंत्रावर) लावला तर पात्याची धार जाते आणि सेक्शन, म्हणजे काप, फाटतो. म्हणून आधी 'डिकॅल' करायचं, म्हणजे खनिज काढून टाकायचं. नायट्रिक ॲसिडने हे लवकर होतं, पण पेशींचं रंगकाम बिघडतं. ईडीटीए हळू चालतं. ते कॅल्शियमचा एकेक अणू धरून द्रावणात नेतं आणि बाकीच्या ऊतीला फारसा धक्का लावत नाही. डिकॅल झालेल्या हाडात सुई सहज शिरते आणि ते वाकतं. खनिज गेल्यावर जे हातात उरतं ते कोलॅजन, आणि त्यातल्या पेशी व रक्तवाहिन्या.

जीवाश्माबद्दल सगळ्यांची समजूत अशी होती की सेंद्रिय भाग कधीच कुजून गेलेला असतो आणि उरतं ते फक्त खनिज. मग तो तुकडा ईडीटीएत टाकला तर शेवटी भांड्यात गाळाशिवाय काही राहायला नको. म्हणून डायनासोरचं हाड सहसा कुणी डिकॅल करत नव्हतं. जीवाश्मवाल्यांची पद्धत वेगळी. तुकडा रेझिनमध्ये बसवायचा, डायमंडच्या पात्याने चकती कापायची, ती काचेला चिकटवायची आणि उजेड आरपार येईपर्यंत घासत राहायचं. आमचा सेक्शन ३-४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, त्यांचा घासलेला काप बहुधा ५० ते १०० मायक्रॉनचा.

आता अशा कापात काय दिसतं? मी पहिल्यांदा असे फोटो पाहिले तेव्हा बराच वेळ स्क्रीनवरून नजर हटली नाही. रक्तवाहिनी जाते तो हॅवर्शियन कॅनाल, त्याभोवतीच्या कड्या, हाडाच्या पेशी जिथे बसलेल्या होत्या त्या लॅक्युना, लॅक्युनांमधून निघणाऱ्या केसाहून बारीक नळ्या, सगळं जागच्या जागी. माझ्या टेबलावरच्या स्लाइडमध्ये जे मी रोज बघते तेच. हे टिकतं, कारण हाडाचं खनिज स्वतःच टिकाऊ असतं. जमिनीतल्या पाण्यातून त्यात फ्लोरीन शिरतं, स्फटिक थोडे मोठे होतात, पोकळ्यांमध्ये कॅल्साइट किंवा लोहाची संयुगं बसतात, पण रचना पुसली जात नाही. त्या रचनेवरून पॅरिसच्या आर्मां द रिक्ले यांच्यासारख्या अभ्यासकांनी विसाव्या शतकातच दाखवलं होतं की पुष्कळ डायनासोरांचं हाड रक्तवाहिन्यांनी भरलेलं, घाईघाईने घातलेलं आहे. म्हणजे हे प्राणी झपाट्याने वाढत होते. मगरीच्या हाडात सहसा असं दिसत नाही.

वाढ जेव्हा थांबते, बहुधा वर्षातल्या वाईट हंगामात, तेव्हा हाडात एक बारीक रेघ उमटते. त्या रेघा मोजून वय काढतात. शिकागोच्या फील्ड म्युझियममधली 'सू' नावाची टी. रेक्स मेली तेव्हा सुमारे २८ वर्षांची होती, हे असंच कळलं. ग्रेगरी एरिक्सन यांच्या गटाने २००४ मध्ये टी. रेक्सच्या वाढीचा हिशोब मांडला. साधारण १४ ते १८ या वयात तो प्राणी दिवसाला दोन किलोच्या आसपास वजन वाढवत होता. आजवरच्या सगळ्या मऊ ऊतीच्या चर्चेपेक्षा हे साधे घासलेले काप मला जास्त मोलाचे वाटतात. त्यांच्याबद्दल मूलभूत वाद नाही आणि त्यांनी डायनासोरचं आयुष्य वाचायला दिलं.

आता तुमचं ते हाड. २००० साली माँटाना राज्यातल्या हेल क्रीक खडकांत म्युझियम ऑफ द रॉकीजचे बॉब हार्मन यांना हा टी. रेक्स दिसला. संग्रहालयात त्याचा क्रमांक एमओआर ११२५, बोलीतलं नाव 'बी-रेक्स'. जागा इतकी आडवळणाची की प्लास्टरमध्ये बांधलेली हाडं हेलिकॉप्टरने न्यावी लागली, आणि वजन पेलेना म्हणून मांडीचं हाड मोडावं लागलं. मोडल्यावर आतून काही तुकडे निघाले. एरवी जीवाश्मावर लगेच गोंदासारखं रसायन लावून तो पक्का करतात. या तुकड्यांवर काही लावलेलं नव्हतं. ते नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात जीवाश्मांच्या अभ्यासक मेरी श्वाइट्झर यांच्याकडे गेले.

त्यांच्या लॅबमध्ये जेनिफर विटमेयर टेक्निशियन होत्या. हे नाव बातम्यांमध्ये फारसं येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. तुकड्याचा पृष्ठभाग नीट दिसावा म्हणून थोडंसंच खनिज काढायचं होतं. ते जास्त गेलं, आणि भांड्यात उरलेला पापुद्रा चिमट्याने ओढला तर ताणला गेला. सोडला की परत आखडला. त्यांनी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. फांद्या फुटलेल्या, पारदर्शक, मऊ नळ्या मिळाल्या, त्यांच्या आत लालसर गोल कण, आणि हाडाच्या पेशींसारखे, बारीक हात पसरलेले आकार. 'सायन्स' नियतकालिकात २००५ मध्ये हे छापून आलं, त्या निबंधावर विटमेयर यांचंही नाव आहे. तेव्हा तुमच्या विद्यार्थिनीला पहिली गोष्ट ही सांगा की मांस असं काही सापडलंच नाही. हाड फोडल्यावर आत कुणाला ओलं, ताजं काही दिसलेलं नाही. दगडी तुकड्यातलं खनिज कित्येक दिवस विरघळवल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतील एवढे बारीक अवशेष उरले.

दुसरी गोष्ट माझ्या कामातून सांगते. आकार टिकणं आणि पदार्थ टिकणं यांत फार अंतर आहे. रक्तपुरवठा तुटून मेलेलं हाड आमच्याकडे येतं तेव्हा लॅक्युना अगदी रेखीव असतात, आत पेशी मात्र नसते. आकारावरून पदार्थाची ग्वाही देता येत नाही. ती नळी रक्तवाहिनीच्या आकाराची आहे म्हणून रक्तवाहिनीच्याच प्रथिनाची आहे, असं कुठलाही पॅथॉलॉजिस्ट सही करून देणार नाही. त्यासाठी रसायनाची वेगळी परीक्षा लागते. व्हिडिओ बनवणाऱ्यांनी हे दोन्ही एकत्र केलं आहे, आणि खरं सांगायचं तर वर्तमानपत्रांनीही केलं.

श्वाइट्झर यांनी ती परीक्षा घेतली. कोंबडीच्या कोलॅजनला चिकटणाऱ्या अँटिबॉडी लावल्या. हे आमच्या आयएचसीसारखंच, म्हणजे अँटिबॉडी लावून ऊतीतलं ठरावीक प्रथिन रंगाने दाखवायच्या चाचणीसारखं. आयएचसीत आम्ही प्रत्येक बॅचबरोबर पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल (रंग यायलाच हवा असा आणि यायलाच नको असा नमुना) लावतो, नाहीतर रंग आला म्हणून काही सिद्ध होत नाही. त्यांनी तुकड्यावर आधी कोलॅजन पचवणारं एन्झाइम घातलं, तेव्हा अँटिबॉडीची खूण कमी झाली. हाडाभोवतीच्या मातीवर तीच अँटिबॉडी लावली, तिथे प्रतिक्रिया आली नाही. हे कंट्रोल वाचल्यावर माझा त्या कामावर विश्वास बसला. सगळ्यांचा बसलेला नाही. त्याचं कारण मास स्पेक्ट्रोमेट्रीवाल्यांनी सांगावं, ते माझं क्षेत्र नव्हे.

वस्तुमान:

ताईंनी बोलावलंच आहे तर लिहितो. मूळ सांगलीचा, सध्या जर्मनीत एका प्रथिनांच्या प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमीटर चालवतो.

या यंत्रात प्रथिनाचे एन्झाइमने तुकडे करून टाकतात आणि प्रत्येक तुकड्याचं वजन मोजून त्यातल्या अमिनो आम्लांचा क्रम काढतात. हार्वर्डशी संलग्न प्रयोगशाळेत जॉन असारा यांनी बी-रेक्सचा नमुना असा तपासला आणि २००७ मध्ये कोलॅजनचे मोजके तुकडे जाहीर केले. क्रम कोंबडीशी सर्वांत जुळता होता. पक्षी डायनासोरांचे वंशज आहेत, म्हणून उत्तर अपेक्षेप्रमाणेच आलं. पण टीका लगेच झाली. पावेल पेव्झनर यांच्या गटाचं म्हणणं, एवढ्या प्रचंड संख्येने आलेल्या स्पेक्ट्रममधून (यंत्राच्या वजनांच्या नोंदींतून) योगायोगाने असे मोजके जुळण्याची शक्यता नीट मोजलेली नाही. मायकेल बकली आणि सहकाऱ्यांनी दूषिततेचा, म्हणजे बाहेरचं प्रथिन मिसळल्याचा प्रश्न काढला.

२००८ मध्ये टॉम के यांच्या गटाने सगळ्यांत सरळ हरकत घेतली. त्या मऊ नळ्या म्हणजे हाडाच्या पोकळ्यांत वाढलेल्या जीवाणूंचा चिकट थर आहे, पोकळीचा साचा मिळाल्याने त्याला वाहिनीचा आकार आला. लाल गोल कण म्हणजे लोहाच्या खनिजाचे बारीक गोळे. तसेच गोळे त्यांना इतर बऱ्याच जीवाश्मांत दिसले. आणि मास्तर, तुमच्या विद्यार्थिनीने विचारलेली चाचणीही त्यांनी केली. त्या थराचं कार्बन डेटिंग केलं तर कार्बन आधुनिक निघाला. म्हणजे आज जमिनीत जगणाऱ्या जीवाणूंचा.

श्वाइट्झर यांनी उत्तर नव्या हाडाने दिलं. ब्रॅकिलोफोसॉरस हा चोच असलेला शाकाहारी डायनासोर, सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचं हाड वाळूच्या खडकात खोलवर होतं. ते उघडं न करता भोवतीच्या खडकासकट लॅबमध्ये आणलं आणि नमुने स्वतंत्र प्रयोगशाळांना वाटले. २००९ चा तो निबंध आणि २०१७ मध्ये त्याच हाडावर नव्या यंत्राने पुन्हा केलेलं काम, दोन्हींत कोलॅजनचे तुकडे मिळाल्याचं म्हटलं आहे. त्याच २०१७ मध्ये बकली यांनी दाखवलं की टी. रेक्सचे म्हणून दिलेले तुकडे शहामृगाच्या कोलॅजनशी जुळतात. शहामृगाचं हाड तुलनेसाठी त्याच प्रयोगशाळेत वापरलेलं होतं. ते तिथून आलंच असं सिद्ध होत नाही, पण आलं नाही असंही म्हणता येत नाही.

एवढा काळ प्रथिन टिकावं कसं, याला श्वाइट्झर यांचं उत्तर लोहाचं आहे. हिमोग्लोबिनमधलं लोह मेल्यानंतर मोकळं होतं आणि प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकतं, फॉर्मालिनसारखं. शहामृगाच्या रक्तवाहिन्या त्यांनी रक्तपेशींच्या अर्कात ठेवल्या, त्या खोलीच्या तापमानाला दोन वर्षं टिकल्या. नुसत्या पाण्यातल्या काही दिवसांत कुजल्या. प्रयोग सुंदर आहे, पण दोन वर्षं आणि पावणेसात कोटी वर्षं यांतलं अंतर एका प्रयोगाने भरून निघत नाही.

माझं मत विचाराल तर मी सध्या याच्याकडे झुकतो: २०१८ मध्ये यास्मिना वीमन आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच जीवाश्मांतल्या अशा मऊ अवशेषांची रामन स्पेक्ट्रोस्कोपी (लेझरचा प्रकाश टाकून पदार्थातले रासायनिक बंध ओळखण्याची चाचणी) केली. ऑक्सिजन मिळेल अशा वाळूच्या थरांत हे अवशेष तपकिरी होऊन टिकलेले दिसतात, आणि त्यांतली मूळ प्रथिनं चरबी व साखरेच्या विघटनातून आलेल्या पदार्थांशी जोडली जाऊन वेगळाच, पाण्यात न विरघळणारा, जीवाणूंना न पचणारा पदार्थ झालेला आहे. तसं असेल तर वाहिनी त्या प्राण्याचीच, पण तिचं प्रथिन आता प्रथिन राहिलेलं नाही. ताईंनी आकार आणि पदार्थ यांत जो फरक सांगितला, तो इथे फार कामाचा आहे. या कामावरही हरकती आहेत, त्या यंत्रातून येणारी लहर चुकीने वाचली जाऊ शकते अशा प्रकारच्या.

उलट बाजूचं सर्वांत काळजीपूर्वक काम इव्हान साइटा यांच्या गटाचं, २०१९ चं. कॅनडात अल्बर्टातल्या डायनासोर प्रॉव्हिन्शियल पार्कमध्ये सेंट्रोसॉरस या शिंगवाल्या डायनासोरची हाडं त्यांनी निर्जंतुक साधनांनी काढली. मूळ कोलॅजनचा पुरावा मिळाला नाही. मिळाले ते आजचे जीवाणू, आणि भोवतीच्या मातीत आहेत त्याहून वेगळे. म्हणजे हाड जमिनीत पडलेलं असताना त्यात आजही वस्ती चालू असते.

एक मोजमाप हाताशी असू द्या. ज्यांच्या क्रमाबद्दल आज बहुतेक सगळे निश्चिंत आहेत अशी जुनी प्रथिनं म्हणजे टांझानियातल्या लेटोलीच्या शहामृगाच्या अंड्याच्या कवचातली, ३८ लाख वर्षांची. २०२५ मध्ये कॅनडाच्या अतिथंड उत्तरेतल्या एका गेंड्याच्या दाताच्या एनॅमलमधून २ कोटी १० लाख वर्षांहून जुनी प्रथिनं वाचली गेली. डीएनए याहून खूप नाजूक. ग्रीनलँडच्या गोठलेल्या मातीतला सुमारे २० लाख वर्षांचा डीएनए हा त्यातला सर्वांत जुना. डायनासोरचं कोलॅजन या रांगेत अजून एकटं, फार पुढे उभं आहे, म्हणून त्याच्याकडून पुरावाही तेवढाच कडक मागितला जातो.

मातीखडक:

कार्बनबद्दल थोडी भर घालतो. मी भूशास्त्र शिकलो, चंद्रपूर भागात बरीच पायपीट केली आहे.

कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५,७३० वर्षं. साधारण ५०,००० वर्षांनंतर मोजण्याइतका तो उरत नाही. ६ कोटी ८० लाख वर्षं म्हणजे जवळजवळ १२,००० अर्धायुष्यं. त्यामुळे अशा हाडात कार्बन-१४ सापडला तर तो जीवाणू, भूजल, हाताळणी यांतून आलेला. हाडाचं वय खडकावरून काढतात. ज्वालामुखीच्या राखेतल्या स्फटिकांत पोटॅशियम-४० असतं, त्याचं अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं, आणि त्यापासून होणारा आर्गॉन वायू स्फटिकात अडकून राहतो. बर्कलेच्या पॉल रेनी यांच्या गटाने २०१३ मध्ये माँटानातल्याच राखेच्या थरांवरून डायनासोरयुगाच्या शेवटाची तारीख काढली, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. बी-रेक्स हेल क्रीकच्या थरांत अगदी तळाशी होता, म्हणजे त्याहून जुना. हाडात आत काय टिकलं याने राखेचं घड्याळ बदलत नाही. मुलांना सांगताना कराडच्या आसपासचा काळा कातळ दाखवा, तो त्याच सुमाराला लाव्हा वाहून झालेला आहे.

आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ डोंगरगाव आणि पिसदुरा इथे लॅमेटा थर, म्हणजे डायनासोरयुगाच्या शेवटचे खडक, उघडे आहेत. डोंगरगावला मिळालेल्या लांब मानेच्या डायनासोरचं वर्णन कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये केलं. आज तो इसिसॉरस म्हणून ओळखला जातो. पिसदुऱ्याचे कॉप्रोलाइट, म्हणजे दगड झालेली विष्ठा, या धाग्याच्या विषयाला फार जवळचे. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी ते विरघळवून उरलेले सिलिकाचे सूक्ष्म कण पाहिले, तर ते गवताचे निघाले. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. डायनासोरांच्या काळात गवत होतं हे त्यातून कळलं, तोवर गवत त्यांच्यानंतर आलं असं बहुतेक जण मानत. वर्गाची सहल काढलीत तर बघा, फोटो घ्या, पण काही उचलून आणू नका. जागेवरून हलवलेल्या तुकड्याचा थर कळत नाही आणि मग त्याचा उपयोग फार कमी होतो.

रानभूल:

फार छान चाललंय. एक शंका आहे. हा बी-रेक्स मादी होता आणि अंडी घालणार होता असं मी वाचलं होतं. आमच्याकडे गावठी कोंबड्या आहेत म्हणून लक्षात राहिलं. दगडाच्या हाडावरून मादी आहे हे कसं ओळखलं?

अस्थिरेखा:

अहो, हा तर मला या सगळ्यातला सर्वांत आवडता भाग आहे. बरं झालं विचारलंत.

कोंबडीला प्रत्येक अंड्याच्या कवचाला भरपूर कॅल्शियम लागतं आणि ते एका रात्रीत लागतं. तेवढं त्या रात्री खाण्यातून येत नाही. म्हणून अंड्यावर येण्याआधी, इस्ट्रोजेन वाढलं की तिच्या मांडीच्या हाडाच्या पोकळीत आतल्या बाजूने एक नवीनच हाड तयार होतं. मेड्युलरी बोन म्हणतात त्याला. विस्कळीत, रक्तवाहिन्यांनी भरलेलं, पटकन घालता आणि पटकन काढता येणारं. कवचासाठी कॅल्शियम तिथून उचललं जातं आणि हंगाम संपला की ते हाड नाहीसं होतं. आजच्या प्राण्यांत ते फक्त पक्ष्यांच्या माद्यांत मिळतं. मगरीतही नाही.

बी-रेक्सच्या मोडलेल्या मांडीच्या आत श्वाइट्झर यांना नेमका असा थर दिसला आणि २००५ मध्येच त्यांनी शहामृग व इमू यांच्या हाडांशी ताडून तो मांडला. टीकाकारांनी रास्त शंका काढली. पक्ष्यांत विषाणूमुळे होणारा ऑस्टिओपेट्रोसिस नावाचा आजार आहे, त्यातही हाडाच्या आत असा अवेळी थर वाढतो. नुसत्या सेक्शनवर दोन्हींची गल्लत होऊ शकते. म्हणजे पुन्हा तेच, आकार पुरेसा नाही.

मग २०१६ मध्ये श्वाइट्झर यांनी रसायनाकडे मोर्चा वळवला. मेड्युलरी हाडात केराटन सल्फेट नावाचा साखरेच्या साखळीचा पदार्थ असतो, बाकीच्या हाडात तो नसतो. त्यासाठी अल्शियन ब्लू आणि हाय आयर्न डायअमिन हे दोन स्टेन, म्हणजे रंग, वापरले, शिवाय त्या पदार्थाला चिकटणारी अँटिबॉडी. अल्शियन ब्लू आमच्याकडे आतड्याच्या बायोप्सीत म्युसिन (चिकट स्राव) दाखवायला नेहमी लावतात, निळा येतो. कोंबडी आणि शहामृग यांच्या मेड्युलरी हाडाला जसा रंग आला तसाच टी. रेक्सच्या आतल्या थराला आला, आणि त्याच मांडीच्या बाहेरच्या कठीण हाडाला आला नाही. एकाच तुकड्यात, एकाच जमिनीत, एकाच भांड्यात आतल्या थराला रंग आणि बाहेरच्या हाडाला नाही. मातीतून काही झिरपलं असतं तर दोन्हींत सारखं झिरपलं असतं. मूळ रसायनाचा काही अंश तिथे आहे, असं मला यावरून वाटतं. वस्तुमान यांना हे पुरेसं वाटणार नाही याची कल्पना आहे.

हाडातल्या रेघांवरून ती मेली तेव्हा साधारण १८ वर्षांची होती. पूर्ण वाढ व्हायच्या आधीच ती अंड्यावर आलेली होती.

वस्तुमान:

नाही ताई, या निरीक्षणाला मीही मान देतो. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांचे कंट्रोल होतात, हे फार चांगलं. माझी अडचण एवढीच की सच्छिद्र हाडात जीवाणू जास्त शिरतात, कठीण हाडात कमी, आणि जीवाणूंचा चिकट थरही साखरेच्या साखळ्यांचाच असतो. अल्शियन ब्लू त्यालाही धरू शकतो. अँटिबॉडीचा निकाल मला स्टेनपेक्षा जड वाटतो. हे दुसऱ्या एखाद्या गटाने, दुसऱ्या हाडावर, स्वतःच्या लॅबमध्ये करून दाखवलं तर मी गप्प बसेन.

अस्थिरेखा:

पटलं. आमच्याकडेही असंच शिकवतात. फ्लोटर म्हणजे एका पेशंटच्या ऊतीचा कण वॉटर बाथमधून दुसऱ्याच्या स्लाइडवर चिकटतो. तो दिसायला अगदी खरा असतो, कारण तो खराच असतो, फक्त या माणसाचा नसतो. संशय आला की ब्लॉकमधून नवा सेक्शन काढायचा, ताज्या पाण्यात, आणि जमलं तर दुसऱ्या हाताने. शहामृगाची शंका वाचली तेव्हा मला हेच आठवलं. श्वाइट्झर यांच्यावर तो आरोप आहे असं मी मानत नाही, पण तपासणी हवीच.

शाळामास्तर:

सगळ्यांचे मनापासून आभार. मी त्या मुलीला आणि वर्गाला असं सांगायचं ठरवलं आहे: हाडाची सूक्ष्म रचना टिकते हे नक्की, खडकाचं वय हे नक्की, मऊ नळ्या मिळाल्या हे नक्की, त्या कशाच्या बनलेल्या आहेत यावर काम चालू आहे. बरोबर ना? आणि शाळेत करता येईल असा एखादा प्रयोग सुचवाल का? आमच्याकडे ईडीटीए नाही, सूक्ष्मदर्शक एकच आहे.

अस्थिरेखा:

अगदी बरोबर. 'मांस नव्हतं' हे मात्र पहिल्या वाक्यात घ्या.

प्रयोगाला व्हिनेगर पुरतं. कोंबडीच्या तंगडीची हाडं शिजवून स्वच्छ केलेली नकोत, कच्चीच घ्या, कारण शिजवल्याने कोलॅजन सैल होतं. मांस खरवडून काढा. एक हाड काचेच्या बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवा, दुसरं तुलनेसाठी साध्या पाण्यात, आणि दोन्ही बरण्या फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे पाण्यातलं कुजणार नाही. एक-दोन दिवसांनी व्हिनेगर बदलत राहा, जुनं द्रावण कॅल्शियमने थकतं. बारीक हाड चार-पाच दिवसांत टोकाकडून वाकायला लागतं, जाडाला आठवडाभर किंवा जास्त लागेल. झालं की नाही हे टाचणी टोचून बघा, आम्हीही तसंच बघतो. तिसरं हाड निखाऱ्यावर पांढरं होईपर्यंत जाळा. तिथे उलटं होतं, कोलॅजन जळून जातं, खनिज उरतं आणि बोटांनी चुरा होतो. हे मैदानात करा, वास फार उग्र येतो, आणि मुलांना चिमटा व चष्मा द्या.

सूक्ष्मदर्शकासाठी व्हिनेगरमधल्या हाडाचा नव्या ब्लेडने जमेल तेवढा पातळ, आडवा काप काढा. ब्लेड तुम्हीच धरा. काप पाण्याच्या थेंबात ठेवून वर कव्हरस्लिप टाका आणि उजेड कमी करून बघा. रक्तवाहिन्यांची छिद्रं दिसतील. काप खरोखर पातळ आला तर लॅक्युनाही दिसतील, लांबट, काळसर ठिपक्यांच्या ओळी. ते जमलं की फोटो इथे टाका, कुठलं काय आहे ते मी खुणा करून देते.